मारुतीपासून मांडवापर्यंत

धुळ्याच्या शालिग्राम पाटलाने चेलो शिकण्यात सारं तारुण्य घातलं, पण लोकांसमोर एकही रचना त्याला शेवटापर्यंत नेता आली नव्हती. दोष वाद्याचा नव्हता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचा, आवाज जड आणि गोड. घात केला तो रचनेतल्या विश्रांतींनी. पुण्याच्या गोवेकर मास्तरांनी शिकवलेल्या त्या जुन्या जर्मन रचनेत मधे मधे श्वासभर थांबायचं असतं. धुळ्यात पहिल्याच थांब्याला अध्यक्षांनी उठून शाल घातली. जळगावात दुसऱ्या थांब्याला आभारप्रदर्शन झालं आणि सतरंज्या गोळा होऊ लागल्या. चोपड्याला तर त्याने मान वळवली आणि पडदा पडला.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात भाईदास बँडवाला घरी आला.

"शालिग्रामभाऊ, एरंडोलचं लग्न घेतलंय. कोणत्याच बँडमध्ये नाही असं वाद्य आणतो म्हणून बसलोय. चालता चालता वाजवशील ना?"

"हे बसून वाजवतात."

"बसून? अरे, नवरदेवाच्या मिरवणुकीत नवरदेव सोडून कोणी बसतं का?"

"मग हातगाडी आण. आणि मी एकटा वाजवीन. शेवटापर्यंत."

भाईदासने डोकं खाजवलं. "बरं. मारुतीपासून मांडवापर्यंत गल्ली तुझी. माझी पोरं तेवढ्यात जेवून घेतील."

लग्नाच्या दिवशी हातगाडी आली ती केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा लावून. "बोडकी गाडी बरी नाही दिसत," भाईदास म्हणाला. शालिग्राम काळा कोट घालून खुर्चीवर बसला. मागे घोड्यावर नवरदेव, भिकन. मारुतीपाशी बँड थांबला आणि वाजंत्री जेवायला पळाले. नाचणारेही मग सरबताकडे वळले. शालिग्रामने गज तारांवर टेकवला. एकही थांबा घ्यायचा नाही, हे त्याने ठरवूनच ठेवलं होतं.

चेलोची सर्वांत जाड तार सेकंदाला पासष्ट वेळा थरथरते. एवढा खोल आवाज त्या घोड्याने आयुष्यात ऐकला नसावा. तो जागीच थबकला, त्याने कान मागे पाडले आणि भिकनला घेऊन एस.टी. स्टँडकडे वळला. नवरीचे वडील लगाम धरायला मागे धावले. त्यांच्यामागे बाकीचे धावले. हातगाडी ढकलणारे दोघे मात्र, सांगितल्याप्रमाणे, मांडवाकडे चालत राहिले.

मांडवाच्या दारात नवरीची आत्या भागाबाई ताट घेऊन उभी होती. तिने नवरदेव पाहिलेला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला होता ते सारे घोड्यामागे धावत होते. कोट पाहिला, फुलं पाहिली, बसलेला माणूस पाहिला.

"उना व माय, नवरदेव उना!"

कपाळाला कुंकू लागलं, गळ्यात हार पडला, मांडीवर नारळ आला. शालिग्रामने "अहो अक्का" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात पेढा कोंबला गेला. नवरीचा भाऊ वना उत्साहाने पुढे झाला आणि त्याने रिवाजाप्रमाणे कान पिळला. तो सप्तपदीच्या वेळी पिळायचा असतो. शिवाय सूर खुंटी पिळल्याने चढतो, कान पिळल्याने नाही. शालिग्राम वाजवत राहिला.

"हाई काय वाजाडी राह्यना?" कोणीतरी पुटपुटलं.

"गप बस!" भागाबाई कडाडली. "नवरदेव रुसी जाई! त्यानं व्हईस्तोवर कोनी बोलानं नही."

आणि अख्खा मांडव गप्प झाला. पंगतीत वाढणारे बादल्या घेऊन जागच्या जागी उभे राहिले. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं, भागाबाईकडे पाहिलं आणि घड्याळ बाहीत लपवलं.

पेढा एव्हाना गिळून झाला होता. शालिग्रामचं तोंड मोकळं होतं आणि दोन शब्द पुरेसे होते. पण ते दोन शब्द बोलल्यावर त्याला कोण वाजवू देणार होतं? उरलेलं सारं त्याला पाठ होतं: एक संथ भाग, एक नाचरा, आणि मग शेवट, जो त्याने आजवर फक्त भिंतीला ऐकवला होता. मुहूर्त टळला तर पाप लागेल, हे त्याला कळत होतं. त्याने नाचरा भाग जरा भरभर घेतला. त्याहून जास्त त्याग त्याच्याच्याने झाला नाही.

शेवटचा सूर लांब होता. तो त्याने पुरता लांबवला. गज उचलला तेव्हा मांडवात फक्त तळणाचा आवाज होता. मग भागाबाईने टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी.

शालिग्राम उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "मी नवरदेव नाही."

त्याच वेळी भिकन घोड्याला ओढत, घामाने निथळत दारात आला. भटजींनी अंतरपाटाकडे धाव घेतली.

भागाबाईने एकदा भिकनकडे पाहिलं, एकदा शालिग्रामकडे. "मंग आम्ही इतला येळ काय आयकं?"

"सगळं ऐकलंत, अक्का." शालिग्राम पुन्हा वाकला. "पहिल्यापासून शेवटापर्यंत. सगळं."

"ते समजनं," भागाबाई म्हणाली. "आते तो नारळ दे इकडे."