ताई, वय वर्षे दहा

माझी मतं ठाम असतात. मी मोटार चालवायला शिकवतो. शिकणारा स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला असतो, दारं बंद असतात, त्यामुळे ऐकणारा कुठे पळून जात नाही. मोबाइलने माणसांची वाट लावली, गेम म्हणजे निव्वळ अफू, कंपन्यांना वेसण घालायला हवी, लहान मुलांना अनोळखी लोकांशी बोलूच देता कामा नये, तसा सक्त नियमच हवा, हे सगळं मी गिअर बदलायला लावता लावता सांगतो. माझ्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. समोरच्याला काही कळायच्या आत मी तो दाबू शकतो आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

आणि माझ्याच घरात ताई दिवसभर गेम खेळायची.

ताई माझी थोरली बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आई गेली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. तिनेच मला वाढवलं, लग्नबिग्न राहूनच गेलं तिचं. निवृत्त झाल्यापासून ती आमच्याकडे असते. मांडीवर टॅब्लेट, कानाला हेडफोन आणि आवाज मात्र अख्ख्या घरात. "अगं, विटा इकडे टाक! तिकडे काय तुझं सासर आहे?" कुठल्याशा बेटावर ही आणि हिच्यासारखी बरीच मंडळी मिळून गाव बांधत होती.

"सत्तरीला आलीस, लाज वाटते का जरा?" मी म्हणायचो.

"लाज कसली? तिथे मला मुकादम म्हणतात. मी सांगेन तिथे पूल होतो. तुझं कोण ऐकतं रे, बांधून ठेवल्याशिवाय?"

हे मला फार झोंबलं. त्यात एकदा तिच्या मुकादमकीपायी दूध उतू जाऊन करपलं. बस, म्हटलं, आता हिला आवर घालायचा.

टॅब्लेट मीच आणून दिला होता, त्यावरचं तिचं खातंही मीच उघडून दिलं होतं. वेळेची मर्यादा फक्त लहान मुलांच्या खात्याला घालता येते, असं तिथे लिहिलं होतं. मग काय, जन्मसालाच्या जागी असं साल टाकलं की ताई दहा वर्षांची झाली. पालक म्हणून मी. खाली बारीक अक्षरांत भलंमोठं काहीतरी आलं. लोक अटी वाचत नाहीत म्हणून कंपन्यांचं फावतं, हे मी नेहमी तावातावाने सांगतो. मी 'मान्य आहे' दाबलं.

"अहो, ताईंना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"तिला काय विचारायचं? रोज एक तास पुरे."

सकाळी ताई टॅब्लेट घेऊन स्वयंपाकघरात आली. पडद्यावर एक गुबगुबीत हत्ती सोंड हलवत होता. 'छोट्या दोस्ता, हा खेळ मोठ्यांसाठी आहे. तिथे अनोळखी माणसं असतात.' बेट गायब. मला हवा होता तस्साच सक्त नियम होता तो. आणि खाली, 'काही हवं असेल तर यांना विचार' असं लिहून माझा फोटो.

"तुझा फोटो का रे इथे?"

"कंपनीचं नवीन धोरण आलंय," माझ्या तोंडून निघून गेलं. "घरातल्या एकाचा लावतात."

"मेले मनाला येईल ते करतात," ती म्हणाली. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली.

मी गुपचूप वय बदलायला गेलो. 'पाल्य अठरा वर्षांचे होईपर्यंत जन्मतारीख बदलता येणार नाही.' म्हणजे ताईने अजून आठ वर्षं थांबायचं!

त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई शिकायला होत्या. नकाशासाठी माझा फोन समोरच लावलेला. तो टिंग वाजला. 'तुमच्या पाल्याला रक्तदाबाची नोंद उघडायची आहे. परवानगी द्यायची?'

"सर, तुमच्या मुलाला रक्तदाब?" बाई घाबरल्या.

"समोर बघा!" मी खेकसलो आणि 'हो' दाबलं. पुन्हा टिंग. पाल्याला गोळीचा गजर लावायचा होता. पुन्हा टिंग. पाल्याला बातम्या वाचायच्या होत्या.

"किती वर्षांचा आहे हो?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"दहा," मी म्हटलं. जिने मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, ती गोळी घ्यायला माझी परवानगी मागत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

घरी आलो तर ताई खिडकीजवळ नुसती बसलेली. घर कसं चिडीचूप. मला हवी होती ती शांतता हीच.

"माणसं काळजीत असतील रे माझी," ती म्हणाली. "न सांगता मी कधी गैरहजर राहिले नाही. नोकरीतसुद्धा नाही."

रात्री जेवायला बसलो. बायको वाढताना एवढंच म्हणाली, "सांगा आता त्यांना." नाही सांगितलं. कंपनीला फोन लावला. खातं ज्यांचं आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन कॅमेऱ्यासमोर यावं, असं ते म्हणाले आणि पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

ताई केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून टॅब्लेटसमोर बसली. मी टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा उभा राहिलो. पडद्यावर एक तरुण मुलगी आली. तिने ओळखपत्र पाहिलं, काहीतरी तपासलं.

"आजी, हा बदल आपोआप झालेला नाही. तुमच्याच टॅब्लेटवरून कोणीतरी जन्मसाल बदललंय, तेही दोनदा विचारल्यावर. कोणी केलं?"

ताईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. शाळेतून मारामारी करून आल्यावर मला कुठे लागलंय का ते बघायची, तशी बघत होती.

"माझ्याच हातून झालं असेल, बाळ," ती म्हणाली.

"असं कसं चालेल, आजी? कळत नसेल तर हात लावायचा नाही. घरातल्यांना विचारायचं."

"हो, चुकलं माझं."

"पुन्हा करू नका हं."

"नाही करणार."

मी तिथेच उभा होतो. दोन पावलं पुढे टाकून 'मी केलं' म्हणायचं, एवढंच होतं. जीभ उचलली नाही माझी. सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारा मी, बहीण माझ्या वाटणीचा ओरडा खात असताना टेबलाची कड धरून उभा राहिलो.

खातं परत मिळालं. ताईने बेट उघडलं. नदीकाठी, पुलाच्या तोंडाशी एक दगड उभा केलेला होता, भोवती फुलं. त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या मुकादम'. वयस्कर बाई, अचानक दिसेनाशा झाल्या. बेटावरच्या मंडळींनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

'अरे, मी आहे,' ताईने लिहिलं.

भराभरा निरोप येऊ लागले. कोणी रडलं, कोणी शिव्या घातल्या, आणि मग सगळ्यांचं एकच, 'कुठे होतात? काय झालं होतं?'

ताईने टॅब्लेट माझ्या हातात दिला.

"तू लिही," ती म्हणाली. "त्या पोरीशी खोटं बोलले मी. यांच्याशी नाही बोलणार. ही माझी माणसं आहेत."

मी उभ्यानेच लिहिलं, एकेक अक्षर शोधत. 'मी यांचा धाकटा भाऊ. खेळणं कमी व्हावं म्हणून मी यांना न विचारता यांचं वय दहा वर्षं केलं. म्हणून खेळ बंद झाला. चूक माझी आहे.'

मग एकाने विचारलं, 'तुमचं वय काय?'

ताई माझ्या बोटांकडे बघत होती. 'बावन्न,' मी लिहिलं.