अष्टमीला न धावलेली मुशी

"आली! आई आली!"

पनवेलच्या खाडीकाठी अख्खी वस्ती गुडघ्यांवर. भर उधाणात मुशीचा, म्हणजे शार्क माशाचा, पाठीवरचा काळा पर पाणी कापत बुडाला, पुन्हा वर आला. दर्याबुवानं शंख फुंकला.

"पाप कोणाचं? या हौसाचं! उपास मोडला, म्हणून आईनं हिचा नवरा गिळला! होडी घालाल तर तुम्हालाही गिळेल!"

हौसा माझी धाकटी जाऊ. बुवा तिला चिखलात नाक घासायला लावी.

एक्याण्णव सालच्या श्रावणात खाडीच्या तोंडाशी खरोखरच मोठी मुशी दिसली होती. एवढी मुशी इकडे वर्षानुवर्षं दिसत नाही. त्याच आठवड्यात माझा दीर वादळात गेला. बुवानं दोन्हींची गाठ मारली: मुशी म्हणजे दर्याची आई, तिनंच त्याला नेला.

मी आवाज कधी चढवत नाही. मीठ सोडलं. या बुवाचं सोंग उतरेपर्यंत अळणीच जेवायचं.

व्रतांमुळे तिथ्या मला पाठ. दर्शन व्हायचं ते पुनवेला नाहीतर अवसेला. बुवा घाटावरचा, त्यानं शुभ दिवस म्हणून ते निवडलेले. आम्हा कोळ्यांना ते उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ असते तेव्हाचे.

मी पदर सावरून हात जोडले. "बुवा, अष्टमी आईची तिथी. तेव्हा दर्शन घडवाल?"

"का नाही, माई! मी शंख फुंकला की आईला यावंच लागतं!"

"आई हाय का तुजी मोलकरीण?" शेजारची जनीमावशी पुटपुटली.

अष्टमीला भांग, उधाणाच्या उलट. पाणी जेमतेम हलत होतं. शंख फुंकून बुवाचे गाल सुजले, पण पर जागचा हलेना. वर कावळा येऊन बसला.

"आईच्या डोक्यावं कावला!" जनीमावशी खदखदली.

मी नणंदेच्या नवऱ्याच्या, धर्मराजभावोजींच्या होडीतून गेले आणि ती 'आई' उचलली. फळीवर ठोकलेला वाळका पर, दोरीनं तळाच्या दगडाला बांधलेला. उधाणात दोरी ताणली की फळी बुडे, सैलावली की वर येई. धावत होतं पाणी. आम्हाला वाटे, मुशीच धावते.

फळी मी त्याच्याच गळ्यात अडकवली. त्याच चिखलात उभं केलं.

"माई, दया करा!"

"हौसा, किती वेळ ठेवायचं ग याला?"

"मला ठेवायचा तेवडाच. भरती उतरंस्तवर."

त्याच्यासमोर बसून मी मिठाचा खडा जिभेवर ठेवला. दया आली नाही, अजून येत नाही.

बायांनो, उपास करा, मीही करते. पण तुमच्या दुःखाला कुणी पाप म्हणालं, तर हात जोडण्याआधी होडी पाण्यात घाला. जवळ जाऊन बघा.