बापाच्या नावची ओळ

पलीकडच्या घरातला ठोका मधेच थांबला, तसा पुष्पावतीचा शेंगा फोडणारा हातही थांबला.

दोन्ही घरांना मधली भिंत एकच होती. गेले पंधरा दिवस दुपार कलली की त्या भिंतीतून ठोका यायचा. शब्द कळत नसत, नुसता ठोका. धप्प, धप्प-धप्प, धप्प. आतून कुणी दार वाजवावं तसा. पहिल्या दिवशी तर ती हातातलं काम टाकून मागच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिली होती. दाराला बाहेरून कडी होती. तिने ती काढली. आत खताच्या गोण्या होत्या आणि लेकीचं, दिपालीचं, शिलाई मशीन, त्यावर जुनी साडी टाकलेली. तेवढं पाहून तिने पुन्हा कडी लावली. ठोका पुतणीच्या, संस्कृतीच्या, गाण्याचा आहे हे त्या दिवसापासून तिला माहीत होतं. तरी रोज तो सुरू झाला की तिची मान आधी त्या खोलीकडे वळायची.

आता ठोक्याच्या जागी धाकट्या दिराचा, हनुमंतचा, आवाज ऐकू येत होता.

"वायर काढून घेतली हाय मी. आता वाजवून दाखव."

संस्कृती काय बोलली ते कळलं नाही. रोहिणी, तिची आई, "अहो, हळू" म्हणाली. मग एक दार आपटलं आणि गच्चीच्या लोखंडी जिन्यावर पावलं धडधडत वर गेली.

थोड्या वेळाने हनुमंत अंगणात आला. कोल्हारच्या चौकात त्याचं खताबियाणांचं दुकान होतं. एरवी या वेळी तो वस्तीवर नसायचा. पुष्पावतीने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं, पण तोंडाला लावलं नाही.

"दादा कुठंय?"

"गोठ्यात."

"वैनी, आज एक गिऱ्हाईक मला तोंडावर बोललं. म्हनलं, नाव ठेवलं संस्कृती, आन् पोरगी चुलत्याची अब्रू माईकवर टांगती. मी काय बोलनार? गव्हाचं बी मोजत बसलो." त्याने तांब्या खाली ठेवला. "दिपालीच्या सासरचे केस करू म्हनत्यात. करू द्या, त्यांना मी घाबरत न्हाई. पन तिनं दादाला धरलंय त्याच्यात. रविवारी भावकी बसनार हाय. त्याच्या आत ते गानं मोबाईलवरनं उतरलं पायजे."

पुष्पावती शेंगांची टरफलं एका बाजूला सारत राहिली.

"माझं ऐकत न्हाई ती. तुमी सांगा. दुख तुमचं हाय. तुमी म्हनलात तर ती काढंल."

तिने पुढची शेंग फोडली. हनुमंत मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

गाणं पुष्पावतीने ऐकलं नव्हतं. ऐकायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि वस्तीनेही तिला त्यात मदतच केली होती. ती आली की बायकांच्या हातातले मोबाईल गप्प होत. तीन आठवड्यांपूर्वी अकरावीच्या गॅदरिंगला संस्कृतीने रॅप म्हणून दाखवला. पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग शिट्ट्या थांबल्या, आणि शेवटी मागच्या बाकावरच्या मुली उठून उभ्या राहिल्या, असं रोहिणीने डोळे पुसत सांगितलं होतं. कुणीतरी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो श्रीरामपूरला गेला, आणि श्रीरामपूरच्या पलीकडे दिपालीच्या सासरीही पोचला.

दिपाली गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सोळाव्या वर्षी लग्न, आणि सतरावं पुरं व्हायच्या आत सासरच्या शेततळ्यात. पाय घसरला, असं कागदावर आलं होतं. शेततळ्याला जो काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्यावर पाय घसरतोच; माणूस एकदा आत गेला की हाताला धरायला काही लागत नाही. सगळ्यांनाच ते माहीत होतं, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. पुष्पावतीच्या मनात मात्र तो कागद अजून फडफडायचा. वाऱ्यावर वाळत टाकलेली ताडपत्री वाजली तरी तिला वळून पाहावं लागायचं. आणि चार वाजता श्रीरामपूरची एस.टी. रस्त्यावरून हॉर्न देत गेली की ती, बसलेली असली तर, उठून उभी राहायची.

गोठ्यातून बादलीचा आवाज आला. तिचा नवरा, आसाराम, गाईला पाणी दाखवत होता, तिच्याकडे पाठ करून. पंधरा दिवसांत तो चौकात गेला नव्हता. एका सकाळी दूध घालायला डेअरीवर गेला, तिथे कुणाच्या तरी मोबाईलवर ते चालू होतं. कॅन तिथंच ठेवून तो पावती न घेता परत आला होता. घरी येऊन तो सरळ गोठ्यात शिरला. त्या दिवसापासून शेजारच्यांच्या गाडीवर दूध जात होतं. लोक म्हणत, आसाराम खाली मान घालून राहतो, म्हणजे गाण्यातलं खरंच असणार.

पुष्पावतीने हात पदराला पुसले आणि ती दोन्ही घरांच्या गच्चीचा लोखंडी जिना चढू लागली. गुडघ्यांमुळे ती गच्चीवर वर्ष-वर्ष जात नसे.

संस्कृती पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. मांडीवर वही. चुलती वर आलेली पाहून तिने वही मिटली आणि ती उभी राहिली. डोळे लाल होते, पण हनुवटी वर होती. ही अशी हनुवटी दिपालीचीही होती, हे पुष्पावतीला एकदम आठवलं आणि तिने नजर टाकीकडे वळवली.

"मोठी आई, तुम्ही कशाला चढलात?"

"लाव."

"काय?"

"तुजं गानं. समद्यांनी ऐकलं. मी न्हाई ऐकलेलं."

"पप्पांनी स्पीकरची वायर नेली."

"मोबाईलवर लाव. माजे कान अजून चांगले हायत."

संस्कृती तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मोबाईल टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बोट टेकवलं.

आधी ठोका आला. भिंतीतून येणारा तोच, पण इथे उघड्यावर तो लहान वाटला. मग पोरीचा आवाज. तो गाण्यासारखा नव्हता, भांडल्यासारखाही नव्हता. कुणाला तरी दोन्ही खांदे धरून सांगावं तसा होता.

*दप्तर होतं खुंटीला अन् हळद लागली गाला,*
*वय कुणी ना पुसलं, जो तो जेवून गेला.*
*माघारी आली लेक, म्हणली धाडू नका मला,*
*बापानं बसवली गाडीत, हात हलवून गेला.*
*तळ्याचा कागद गुळगुळीत, पंचनाम्याचा बी तसाच,*
*पाय घसरला म्हणून लिहिलं, मिटला सारा त्रास.*

पुढे आणखी होतं. पुष्पावती कट्ट्याला धरून उभी होती. गाणं संपल्यावर खालच्या शेतातल्या उसाची सळसळ तेवढी राहिली.

"मागचं परत लाव. गाडीत बसवलं ते."

संस्कृतीने लावलं. *बापानं बसवली गाडीत.*

"हे कुनी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात. मी त्या दिवशी शाळेत होते. सकाळी ताई म्हणाली, संध्याकाळी तुझे केस धुऊन देते. मी घरी आले तर ती गेलेली." तिने वही छातीशी धरली. "मोठी आई, पप्पा म्हणतात तुम्हाला त्रास होतो. आसाराम तात्यांना पण. तुम्ही सांगितलं तर मी काढते. बाकी कुणी सांगितलं तर नाही काढणार."

म्हणजे गोष्ट आता तिच्यावर आली होती. एक शब्द बोलली असती तर भिंतीतला ठोका थांबला असता, भावकी बसली नसती, आसाराम दूध घालायला गेला असता. तोच शब्द घेऊन ती जिना चढली होती, निदान पहिल्या चार पायऱ्या तरी. ती हळूच खाली बसली. गच्ची तापलेली होती.

"बापानं न्हाई बसवली तिला," ती म्हणाली.

संस्कृती तशीच उभी.

"आठ दिवस हुती ती. आल्यापास्नं नीट जेवली न्हाई. मी म्हनायची, व्हतं असं नव्या घरात. मग तिच्या सासूचा फोन आला, कांदा लागवड सुरू झाली, मानसं मिळंनात, धाडून द्या. फोन मी घेतला. धाडते म्हनून मीच सांगितलं. ती म्हनली, आई, रविवारपतूर राहू दे. मी म्हनलं, लागवड उरकली की ये, मग महिनाभर राहा."

खाली कुठेतरी कोंबडी कलकलली. पुष्पावती थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"बॅग मी भरली. चेन लागंना. अडकली हुती मधीच. ती म्हनली, बघ आई, बॅगला बी जायचं न्हाई. मी हसले. हसले, आन् चेनला खोबऱ्याचं तेल लावलं, आन् वढली. स्टँडवर मी गेल्ते. चारच्या गाडीत जागा मी धरली. चार दिसांनी मग तो फोन."

संस्कृती तिच्याजवळ खाली बसली. तिचा हात पुढे आला, पण चुलतीच्या हातापर्यंत पोचला नाही.

"कुनी मला विचारलंच न्हाई," पुष्पावती म्हणाली. "बाईमानूस, लेक गेली, तिला काय विचारायचं. समदे म्हनाले आसारामनं धाडली. मी बोलले न्हाई की त्यांनी न्हाई धाडली. त्यांनी बी म्हनलं न्हाई. दोन वर्सं झाली, त्या मानसानं एकदाबी मला म्हनलं न्हाई की तू धाडली."

"मोठी आई..."

"तिथं आई घाल."

"काय?"

"बापाच्या जागी आई घाल. बाकी तसंच ऱ्हाऊ दे. पंचनाम्याचं ऱ्हाऊ दे. जेवून गेलेल्यांचं ऱ्हाऊ दे. तेवढं एक चुकलंय."

संस्कृतीने वही उघडली. पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. तिच्या तोंडावरचा सगळा हट्ट गेला होता. ती एकदम बारा वर्षांची दिसायला लागली.

"मला नाही असं म्हणता येणार," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल नाही."

"त्यांच्याबद्दल म्हनता आलं की."

पोरीने मान खाली घातली. पुष्पावतीला ते बोलल्याचं वाईट वाटलं, पण तिने ते मागे घेतलं नाही. ती म्हणाली, "मग मी म्हनते. कर ते चालू."

"तुम्ही?"

"मला तुज्यासारखं ठोक्यावर न्हाई यायचं. नुसतं बोलन."

संस्कृतीने मोबाईल उचलला. मोबाईल चुलतीच्या तोंडापाशी धरून तिने मान डोलावली.

"दिपालीला गाडीत मी बसवली," पुष्पावती म्हणाली. "तिच्या आईनं."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. त्यावर मोठ्याने काहीतरी वाजत होतं. संस्कृतीने मोबाईल कानाला लावून ऐकलं.

"ट्रॅक्टर आलाय मधे," ती अगदी हळू म्हणाली. "पुन्हा म्हणावं लागेल. राहू द्या, मोठी आई. नका म्हणू."

"म्हनते."

दोन वर्षांत जे एकदाही ओठांवर आलं नव्हतं ते आता दुसऱ्यांदा म्हणायचं होतं. पहिल्यांदा ते आपोआप निघालं होतं. दुसऱ्यांदा तिला आपला आवाज ऐकू आला. कुण्या परक्या बाईचा असावा तसा. "आईनं" म्हणताना तो फाटला.

"हे पण नको," संस्कृती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "शेवटचा शब्द कळत नाही."

"घे परत," पुष्पावती म्हणाली, आणि पोरीने मोबाईल पुन्हा तिच्या तोंडापाशी धरला.

"दिपालीला गाडीत मी बसवली. तिच्या आईनं."

या वेळी आवाज सरळ आला. ट्रॅक्टर लांब गेला होता. संस्कृतीने मोबाईल खाली घेतला नाही, कारण तिची नजर पुष्पावतीच्या मागे जिन्याकडे गेली होती.

आसाराम वरच्या पायरीवर उभा होता. एक हात कठड्यावर, पायांना गोठ्यातला चिखल. कधीपासून उभा होता कोण जाणे. पुष्पावतीने बसल्या जागीच पदर डोक्यावर घेतला. तो तिच्याकडे बघत नव्हता. पोरीच्या हातातल्या मोबाईलकडे बघत होता.

"चालू हाय का ते?" त्याने विचारलं.

संस्कृतीने मान डोलावली.

तो एक पायरी वर आला, मग थांबला. टोपी काढली, हातात धरली, आणि जरा पुढे वाकून, फोनवर लांबच्या माणसाशी बोलावं तसं, मोठ्याने बोलू लागला.

"मी बी घरात हुतो. ओसरीला पेपर वाचीत हुतो. बॅग घिऊन ती माज्यासमोर येऊन हुबी राहिली. लई वेळ हुबी हुती."

त्याचे ओठ आणखी काही जुळवत राहिले.

"मी पेपर खाली घेतला न्हाई," तो म्हणाला.

मोबाईलवरचे आकडे पुढे सरकत होते. बंद करायला संस्कृतीने बोट नेलं, आणि तसंच मागे घेतलं.