आडव्या उजेडात उमटलेले नाव

मित्रांनो, माझी कडी फिरवली की हल्ली बारीक करकर ऐकू येते, आणि अंगावरचा काळा रंग कडांना उडाला आहे. पण काचा अजून लख्ख आहेत. मी एक मॅक्रो लेन्स आहे, म्हणजे लहानशी वस्तू अगदी नाकाजवळ धरून तिचा मोठा फोटो काढणारी. माझे वय विचारू नका, मी काय पाहिले ते विचारा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचा घासणाऱ्या बाईंचा हात इतका हलका होता की मला गुदगुल्या व्हायच्या. तपासनिसाने मला दिव्यासमोर धरले, एक डोळा मिटला आणि "जाऊ दे हिला" एवढेच म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले एका फोटोग्राफर बाईंनी. फोटो काढण्याआधी त्या पडदे इतक्या वेळा सरकवत की सगळे त्यांना उजेडबाई म्हणू लागले. आम्ही दोघींनी मुंगीचे पाय टिपले, घड्याळाची चक्रे टिपली, नाण्यांवरचे झिजलेले चेहरे टिपले. मग दिवस पालटले. जो तो खिशातल्या फोनवर फोटो काढू लागला. कामे आटली, आणि मी कपाटाच्या खालच्या खणात जाऊन पडले. तिथे ओल होती. माझ्या काचेवर बुरशीचे पांढरे धागे पसरले. दिसेनासे होणे म्हणजे काय, हे लेन्सलाच विचारावे.

एके दिवशी खण उघडला. संग्रहालयाला जुन्या शिकारी बंदुकांचे पुस्तक काढायचे होते, आणि त्या चकाकत्या पोलादाचा धड फोटो कुणालाच जमत नव्हता. उजेडबाईंनी मला तडक दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने मला उघडून पुसले आणि म्हणाला, "थोडक्यात वाचली. पुन्हा ओलीत टाकलीत तर माझ्याकडे आणू नका!" बाईंनी कान पकडले.

संग्रहालयात शस्त्रदालनाचे प्रमुख प्रत्येक बंदूक आधी उघडून ती रिकामी असल्याची खात्री करत, मगच टेबलावर ठेवत. शेवटी राहिली एक दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. तिच्या पोलादी बाजूवर नेच्याच्या झाडीत उभे असलेले हरीण कोरले होते. पाटीवर लिहिले होते : 'कोरीवकाम – अज्ञात कारागीर.'

जुन्या बंदुका बाहेर काढल्याचे ऐकून त्या दिवशी एक आजी नातीचा हात धरून आल्या. दुनळी पाहताच त्या थबकल्या.

"हे हरीण माझं आहे, मी कोरलेलं," त्या म्हणाल्या. "चापाभोवतीच्या कडीवर माझं नावही कोरलं होतं. कारखान्याच्या मालकाने ते कानशीने घासून काढलं. म्हणे, बंदुकीवर बाईचं नाव बघून गिऱ्हाईक हसेल."

प्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली. "आजी, तुमच्यावर अविश्वास नाही. पण पुस्तक उद्या छापायला जातंय, आणि पुराव्याशिवाय मला नाव घालता येत नाही. त्या कडीवर काहीच दिसत नाही हो."

"शेवटच्या अक्षराची शेपटी मी नेच्याच्या कोवळ्या पानासारखी वळवायची. ती दिसली तर नाव माझं. नाहीतर मी मुकाट घरी जाईन."

उजेडबाईंनी मला कॅमेऱ्यावर चढवले.

पहिला फोटो समोरून झगझगीत दिवा टाकून काढला. कडी आरशासारखी चमकली आणि सगळे पांढरेफटक झाले. मग दिव्यापुढे पातळ पांढरा कागद ताणला. उजेड मऊ झाला, पोलाद रेशमासारखे दिसू लागले, पण अक्षर एकही नाही. आजींची मान खाली गेली.

उजेडबाईंनी पडदे ओढले, सगळे दिवे मालवले आणि एकच छोटा दिवा कडीच्या अगदी शेजारी, पोलादाला चाटून जाईल असा आडवा ठेवला. कमी उजेडात जास्त काय दिसणार, असे तुम्हाला वाटेल. पण आडवा उजेड खळग्यात शिरत नाही, तिथे सावली उरते. कानस नावावरून फिरली होती, पण खोल रेघांचे तळ तिला गवसले नव्हते. त्या तळांत केसाएवढ्या सावल्या उभ्या राहिल्या.

"आहे! इथे काहीतरी आहे!" उजेडबाई ओरडल्या.

आता खरी परीक्षा माझी होती. एवढ्या जवळून मला एका वेळी अगदी बारीक पट्टाच स्पष्ट दिसतो, आणि ती कडी होती गोलाकार. एक अक्षर दिसले की शेजारचे धूसर होई. माझ्या आत पात्यांचे एक छिद्र आहे. ते लहान केले की स्पष्ट पट्टा रुंद होतो. पण बाईंनी ते अगदीच लहान केले तेव्हा सगळेच धुरकट झाले. म्हणून त्यांनी छिद्र मध्यावर आणले आणि मला केसभर पुढे सरकवत एकामागून एक फोटो घेतले. प्रत्येकात एकेक पट्टा स्पष्ट होता. कुणी पाऊलसुद्धा वाजवत नव्हते. मग संगणकाने सगळे स्पष्ट पट्टे एकत्र जोडले.

नात संगणकाच्या पडद्यावरचे एकेक अक्षर वाचू लागली, आणि मध्येच तिचा आवाज चढला. "आजी, तुझंच नाव! आणि शेपटी बघ ना, वळलीये!"

आजी पडद्याला नाक लावून कितीतरी वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "सगळं दिसतंय म्हणजे पंचाईत झाली. हरणाचा मागचा पाय जरा जाडच झालाय."

सगळे खळखळून हसले. प्रमुखांनी हसता हसताच छापखान्याला फोन लावला. "थांबा, एक पान बदलायचंय!"

पुस्तकात ते नाव पानभर छापले गेले. नवी पाटी आजींनी स्वतःच्या हातांनी बसवली. त्यांनी शेवटचा स्क्रू पिळला. दालनात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मी कॅमेऱ्यावर बसल्या बसल्या शहारले. आता माझ्याकडे इतकी कामे येतात की धूळ बसायला सवड नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तू पुसत जा, कोरड्या ठेवा आणि वापरत राहा. ती वस्तू घडवणाऱ्याचे नावही विचारा. आणि एखादीला अडगळ म्हणण्याआधी तिला एकदा उजेडात धरून बघा.