सिल्वेरियोचा चेंडू

मी एक लाकडी चेंडू. मुठीत मावेन एवढा, ओकच्या मुळातून निघालेला. चिवावाच्या डोंगरांत वर पाइनची गार पठारं आहेत आणि खाली दरीच्या तळाशी संत्री पिकतात. तिथे सिल्वेरियोने मला सुरीने कोरलं. आम्हा डोंगरातल्या रारामुरी लोकांची शर्यत माझ्यामागे धावते. पायाच्या बोटांवर मला उचलून पुढे भिरकावायचं, माझ्यामागे पळायचं, पुन्हा भिरकावायचं. हात लावायचा नाही.

सिल्वेरियोचा पाय मला पाठ होता. त्याचा धाकटा भाऊ एरास्मो मात्र मला रागाने उडवायचा, आणि मी थेट निवडुंगात.

"अरे, चेंडू आहे तो, सासू नाही तुझी!" सिल्वेरियो ओरडायचा. पण मला काढायला काट्यांत स्वतःच शिरायचा.

एका थंडीत शेळ्या घेऊन सगळे दरीत उतरले आणि सिल्वेरियोला खोकल्याने धरलं. दवाखाना वर, पठारावर. एरास्मो त्याला पाठीवर घेऊन चढायला लागला. मी सिल्वेरियोच्या कमरपट्ट्यात होतो. चढण संपत आली तेव्हा खोकला थांबला, पाठीवरचं वजन बदललं. एरास्मोला कळलं. तरी तो चढतच राहिला.

मेलेला माणूस लगेच जात नाही. एकटा पडतो, आपल्या माणसांना बोलावत राहतो. म्हणून त्याला जेवू घालून, त्याच्या वस्तू देऊन, समजावून घालवावं लागतं. पुरुषाला तीन जेवणं. पहिल्या दोन्ही वेळी एरास्मोने मला घोंगडीत लपवलं. मग आई खोकायला लागली.

तिसऱ्या जेवणाला मेहुणा निकानोर आला. अशा वेळी थट्टा करणं हे आमच्यात मेहुण्याचं कामच. मक्याच्या दारूचा भोपळा पुढे करत तो म्हणाला, "घे रे. तुझं हे तोंड बघून मेलेला पुन्हा मरेल."

सगळे हसले. एरास्मो नाही.

"चेंडू कुठाय?" निकानोरने विचारलं.

"हरवला."

"मग तुझ्या घोंगडीला गाठ आलीय बघ. डॉक्टरला दाखव."

आई उठली. भाजलेल्या मक्याचं पीठ, दारू, सिल्वेरियोच्या वहाणा मांडलेल्या होत्या. त्यांच्या पलीकडे, रिकाम्या जागेकडे बघत ती म्हणाली, "हे घे. खा. आता मागे फिरू नकोस, शेळ्यांना भिववू नकोस. जा, बाळा." मग एरास्मोकडे वळली. "तू त्याला धरून ठेवलंस तर तो सोबतीला मलाच नेईल रे."

एरास्मोने मला बाहेर काढलं.

मेलेल्याच्या नावाने एक शर्यत धावायची असते. तो धावला. पहिल्यांदाच त्याच्या पायाने मला नीट उचललं. कड्यापाशी सगळे थांबले. एरास्मोने वाकून मला हातात घेतलं. निकानोरने टोकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"थोडंच चढायचं राहिलं होतं रे दादा," एरास्मो म्हणाला. त्याने हात मागे नेला, पुन्हा खाली आणला. त्याच्या मुठीत मला घाम फुटल्यासारखं झालं. "आईला नेऊ नकोस. जा."

आणि मी हवेत होतो.

आता मी कड्याच्या मधोमध एका कपारीत पडलोय. पावसाने मला चिरा गेल्यात. थंडीत खालून शेळ्यांना हाकारणारा आईचा आवाज येतो, मोकळा, खणखणीत. एरास्मोचा येत नाही. त्याने शेळ्या वळवायला मारलेल्या खड्यांचा तेवढा येतो.

कधी मी तुम्हाला सापडलोच, तर उचलून वर नेऊ नका. त्याला फार जड गेला होता तो 'जा' शब्द. पुन्हा म्हणायला लावू नका.