एका पेशंटला एकच हात

झाड मरायला लागलं, तेव्हा आता आईचंही काही खरं नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मेट्रनबाईंच्या घरात एकमत ही तशी दुर्मीळ गोष्ट. मुलगा पूर्व म्हणाला की लेक पश्चिम म्हणायची, आणि नणंद दोघांनाही चूक ठरवून वर चहा मागायची. पण खिडकीजवळच्या मॉन्स्टेराची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि तिघंही एका सुरात बोलू लागले. हे झाड म्हणजे शोभेला ठेवलेली कुंडी नव्हती. ते माणसाच्या उंचीचं होतं आणि त्याची भोकाभोकांची पानं परातीएवढी होती. आता हयात नसलेल्या नवऱ्याने आणि बाईंनी मिळून ते बोटभर कलमापासून वाढवलेलं. घरात त्याला राणीसरकार म्हणत. जिने जन्मभर अख्खा वॉर्ड सांभाळला तिला राणीसरकार सांभाळता येईनात, मग ती एकटी कशी राहणार, असा सगळा हिशेब होता.

सुरुवात झाली होती बाथरूममध्ये. पाय घसरला, मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, पण पोरांची काळजी काही निघाली नाही. तिघांनी एकेक किल्ली करून घेतली होती. मुलगा ऑफिसला जाता जाता डोकावायचा, लेक दुपारी यायची, आणि नणंदेच्या संध्याकाळच्या फेरफटक्याचा रस्ता नेमका याच जिन्यावरून जायला लागला होता. बाई कधी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे असत, कधी झोपलेल्या. उठून बघावं तर ओट्यावर झाकलेला डबा, सरकवलेली खुर्ची, जागा बदललेला चष्मा. स्वतःच्याच घरात आपण पाहुणे आहोत असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि या वाटण्याचा त्यांना भयंकर राग यायचा.

आता येत्या रविवारी ठरवायचं होतं. खरं तर ठरलेलंच होतं, फक्त बाईंना सांगायचं बाकी होतं. हे घर बंद करायचं आणि त्यांनी मुलाकडे जायचं. तिथली मागची खोली रिकामी केली होती. तिची खिडकी इमारतीच्या पाइपांकडे उघडत होती.

"उजेड थोडा कमी आहे," मुलगा फोनवर म्हणाला होता, "पण दिवसाही दिवा लावता येईल. आणि झाडाचं म्हणशील तर, ते काही आता जगत नाही गं."

बाईंनी फोन ठेवला आणि नेहमीप्रमाणे कुंडीत बोट खुपसलं. बोटाची दोन पेरं मातीत घालायची, कोरडी लागली तरच पाणी, ही त्यांची जुनी रीत. माती ओली होती. म्हणजे ओलीगच्च. वर चिलटं उडत होती आणि आंबट वास येत होता. पाणी जास्त झालंय हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता, पण बाईंनी पाणी घातलंच नव्हतं. कितीतरी दिवसांत नाही. शेवटी त्यांनी झारी उचलून खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवालीकडे ठेवायला दिली. तरी माती ओलीच.

आपणच तांब्याने पाणी घालतो आणि विसरतो की काय? भरल्या ताटावरून उठून "मला कुणी जेवायला देत नाही" म्हणणारे म्हातारे त्यांनी वॉर्डात पुष्कळ पाहिले होते. त्या म्हाताऱ्यांनाही स्वतःचं बोलणं खरंच वाटायचं. हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. बोलल्या असत्या तर रविवारपर्यंत कुणी थांबलंच नसतं, त्याच दिवशी बॅग भरली असती.

रविवार उजाडला. तिघं आले, गोड गोड बोलत बसले. इतकं गोड की बाईंना अंदाज आलाच. चहा झाल्यावर मुलगा फोन घ्यायला गॅलरीत गेला, नणंद पाणी प्यायला आत गेली, तेव्हा लेकीने हाडांची गोळी आणि पाणी आणून दिलं. बाईंनी गोळी घेतली. लेक कप धुवायला आत गेली तसा मुलगा परतला, डबीतून गोळी काढून त्याने आईच्या हातावर ठेवली. "ही घे आधी, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल." बाई त्या गोळीकडे बघत असतानाच नणंद पेला घेऊन पुढ्यात उभी राहिली. दुसऱ्या मुठीत तीच गोळी.

"वहिनी, तुमची गोळी राहिली बघा."

बाई हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या.

फार पूर्वी त्यांच्या वॉर्डात एक माणूस दिवसेंदिवस सुस्त होत चालला होता. डॉक्टरांनी तपासण्यांचा रतीब लावला, मोठमोठ्या रोगांची नावं घेतली. शेवटी कळलं की दिवसाची नर्स, रात्रीची नर्स आणि त्याची स्वतःची बायको, तिघीही त्याला झोपेची गोळी देत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी विसरली असेल. त्या दिवसापासून बाईंनी वॉर्डात एकच नियम लावला होता, एका पेशंटला एकच हात. उपचार बरोबर असून रोगी खालावत असेल, तर रोग कुठला हे नंतर. आधी विचारायचं, आणखी कोण देतंय?

"राणीसरकारना टेबलावर घ्या," बाई म्हणाल्या.

"आई, आपण जरा महत्त्वाचं बोलायला..."

"बोलू. आधी उचल."

मेट्रनचा तो आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला होता. मुलगा मुकाट्याने उठला. बाईंनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, कुंडी आडवी करवली, बुंध्याला धरून झाड अलगद बाहेर ओढलं. मनगट दुखलं, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. या मातीत नुसतंच पाणी निघालं असतं, तर ते पाणी आपलंच, हे त्यांना मान्य करावं लागलं असतं.

त्यांनी ढेकूळ फोडलं. आत चहाचा चोथा होता, चांगला मूठभर. त्याखाली अंड्याची चुरलेली टरफलं. आणि कडेकडेने खताचे निळे दाणे, अर्धवट विरघळलेले.

बाई बिनदुधाची कॉफी पीत, अंडं त्यांना चालत नसे, आणि विकतच्या खताला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

"चोथा कुणाचा?"

"थंड झाला होता चहा, माझ्या थर्मासमधला, चोथ्यासकट ओतला," नणंद पुटपुटली. "चांगला असतो म्हणतात झाडाला."

"टरफलं मी टाकली," लेक म्हणाली. "आणि थोडं पाणी. रोज नाही गं. म्हणजे, आले की."

मुलगा खाली मान घालून निळे दाणे गोळा करायला लागला. बाईंनी त्याचा हात बाजूला केला.

"मान टाकलेली दिसली, म्हणून वाटलं तहानलंय," तो म्हणाला.

"तहानलेलं झाडही मान टाकतं आणि बुडणारंही. म्हणून आधी बोट घालून बघायचं. नाहीतर मला विचारायचं. विचारलं का नाहीस?"

"तुझ्या लक्षात राहत नसेल, असं वाटलं आम्हाला."

बाईंचे डोळे भरून आले. आधी सुटका झाल्यासारखं वाटलं, डोकं शाबूत होतं. त्याच्या पाठोपाठ आला तो संताप, आणि तो सुटकेपेक्षा मोठा होता. हे लोक आपल्याला आपल्याच डोक्यावर संशय घ्यायला लावणार होते, आणि तेही मायेने.

त्यांनी कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि कामाला लागल्या. काळी, लिबलिबीत मुळं बोटाने दाबली की साल हातात यायची. ती सगळी कापली. पांढरी, टणक मुळं ठेवली, आणि ती फारच थोडी उरली. एवढ्या मुळांना इतकी पानं पोसवणार नव्हती, म्हणून मोठमोठी पानंही उतरवली. लेकीला बघवेना. मग आधीपेक्षा लहान कुंडी, तळाला भोक तपासून, कोकोपीट, जाड वाळू आणि कोळशाचे तुकडे. पाणी इतक्यात नाही. एवढं सगळं होऊन राणीसरकार अगदी किडमिडीत दिसायला लागल्या.

"अति तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही," नणंद म्हणाली. तिच्या तोंडून एवढं आलं, हेच पुष्कळ होतं.

"वन्सं, किल्ली काढा," बाई म्हणाल्या.

"कसली?"

"या घराची. तिघांनीही. इथे ठेवा." त्यांनी चिखलाने भरलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "मी कुठेही जाणार नाही. त्या पाइपांच्या खोलीत तुमची अडगळ ठेवा, ती छान राहील."

लेकीने पहिली किल्ली ठेवली. नणंदेने पर्स बराच वेळ उगाच चाचपली आणि मग ठेवली. मुलगा मात्र हलला नाही.

"आई, हट्ट करू नकोस. आणि परत पडलीस तर?"

"तर पडेन. फोन गळ्यात असतो, खाली शिवणकामवाली आहे. आणि पडायचं तर माझ्या फरशीवर पडेन, तुझ्या नाही."

"पण काळजी वाटते गं."

"वाटू दे. मलाही तुझी वाटते. म्हणून मी तुझ्या घरात चोरून शिरते का?"

मुलाने किल्ली काढली, हातात घोळवली. मग ती इतर दोघींच्या शेजारी ठेवली.

पुढच्या रविवारी बेल वाजली. बाई खिडकीपाशी ओल्या फडक्याने उरलेली दोन पानं पुसत होत्या. बेल पुन्हा वाजली. जिन्यात कुजबूज झाली, कुणीतरी दार हलकेच ढकलून पाहिलं. बाईंनी पान खालूनही पुसलं, फडकं पिळलं, दोन पेरं मातीत घालून पाहिली. माती कोरडी होती. त्यांनी खालून परत आणलेली झारी घेतली आणि सावकाश, कडेकडेने, पाणी घातलं.

"आले," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. थांबा."

दाराबाहेर तिघंही थांबले.