सुटलेल्या पट्टीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पण मला 'बिचारी' म्हणू नका, ते मला मुळीच आवडत नाही. जुनी वस्तू आपली कहाणी सांगायला बसली की ऐकणाऱ्यांनी डोळे पुसायचे, असा एक रिवाजच पडला आहे. मी तुम्हाला रडवायला बसलेली नाही. माझ्या जागी दुसरी आणून बसवली तेव्हा मी तिचा आणि तिला आणणाऱ्याचा कसा सूड घेतला, ते सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझी पुढची फळी देवदाराची, अगदी पातळ. तारांच्या ओढीने ती वाकू नये म्हणून आतून तिला लाकडी पट्ट्या चिकटवतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, पण सगळा भार त्यांच्यावर असतो. माझा कारागीर एकेक पट्टी घासून फळीवर टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा. त्याच्या मनासारखा आवाज येईपर्यंत त्याने मला सोडलं नाही. माझं अंग लहान, कंबर बारीक आणि आवाज नाजूक.

मला विकत घेतलं ते एका तरुण चष्मेवाल्याने. खाली त्याचं चष्म्यांचं दुकान आणि वर घर. नवं लग्न झालेलं. संध्याकाळी दुकान बंद करून तो जिना चढून यायचा, हात धुवायचा आणि मला मांडीवर घ्यायचा. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून काम करत असायची आणि तिथूनच माझ्या सुरात सूर मिळवून गायची. "हिच्यासारखी गोड गिटार शोधून सापडायची नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी भोळी, मला ते सगळं खरं वाटलं.

पुढे काय बिनसलं कोण जाणे. हळूहळू तिचं गाणं थांबलं. तो वाजवत बसायचा आणि ती मान वळवूनही बघायची नाही. मग त्याचंही मन उडालं. त्याने मला खिडकीसमोरच्या भिंतीवर हुकाला टांगून ठेवलं. दुपारचं ऊन रोज थेट अंगावर यायचं. तारा गंजल्या, आतला पट्ट्यांचा सरस वाळून ठिसूळ झाला, पण कुणी मला हिंग लावूनही विचारलं नाही. घरात बोलणं कमी झालं होतं आणि जे व्हायचं ते मोठमोठ्याने. मला वाटलं, हल्ली दोघांचं पटत नसेल.

आणि एके दिवशी गिटारवाला दुकानदार एक भली मोठी पेटी घेऊन घरी आला. पेटीतून निघाली माझी सवत. या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. हे नाव म्हणे एका लढाऊ जहाजावरून पडलं आहे, आणि ते अगदी शोभत होतं. रुंद चौकोनी खांदे, कंबर नावापुरती, पोट हे एवढं. अंगावर नव्या पॉलिशचा वास आणि मिजास अशी की जणू घर तिच्याच नावावर आहे.

"महिनाभर ठेवून घ्या," दुकानदार म्हणाला. "वाजवून बघा. पटली तर ठेवा आणि ही भिंतीवरची मला बदल्यात द्या."

"तिचं काय करणार तुम्ही?" चष्मेवाल्याने विचारलं.

"खुंट्या चांगल्या आहेत, दुसऱ्या एखादीला बसतील. बाकी काय, लाकूडच."

लाकूडच! मला पाय असते तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. चष्मेवाला काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो नुसता "बरं" म्हणाला. मित्रांनो, त्या 'बरं'चा सूड घ्यायचा, हे मी तिथेच, हुकावर लटकल्या लटकल्या ठरवलं.

आता नवी गिटार पारखायची त्याची तऱ्हा ऐका. दुकानात डोळे तपासताना तो काचा बदलून बदलून विचारतो, "हे बरं दिसतंय की हे?" घरीही त्याने तेच सुरू केलं. बायकोने स्वयंपाकघरात पाठ करून उभं राहायचं, त्याने दोन्ही गिटारींवर एकच गाणं वाजवायचं आणि ओरडून विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" दोघींना सारखीच संधी मिळावी म्हणून त्याने मलाही नव्या कोऱ्या तारा चढवल्या आणि अगदी तिच्या सुरात लावलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर नव्या तारा आल्या, त्याही तिच्यासाठी.

बायको दर वेळी तिलाच निवडायची. क्रम उलटसुलट करून झाला, तरी तेच. एकदा त्याने आधी तिला वाजवलं, मग मला अगदी मन लावून वाजवलं. मीही जीव ओतून गायले. तो ओरडला, "कुठली बरी?"

"दुसरी अजून वाजवलीत कुठे?" ती म्हणाली.

असा टोमणा माझ्या जन्मात मला कुणी मारला नव्हता. चष्मेवाल्याने मला परत हुकाला अडकवलं. तेव्हापासून बायकोचंही नाव मी माझ्या हिशोबात धरलं.

खोटं कशाला बोलू, सवतीला आवाज होता. जाड तारेवर बोट पडलं की जमिनीतून काहीतरी निघतंय असं वाटायचं. पहिल्या आठवड्यातच बायको पुन्हा गायला लागली. आमचीच गाणी, माझी गाणी, सवतीच्या साथीवर. मी भिंतीवर दातओठ खात होते. नव्या तारा मला करकचून ओढत होत्या आणि त्या ओढीने एका दुपारी आत बारीकसा आवाज झाला. उन्हाने वाळलेल्या सरसाने दम सोडला होता. एका पट्टीचं टोक फळीपासून सुटलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने सवतीच्या जाड तारेवर जोरात हात मारला. एका सुरात लावलेल्या दोन तारा एकाच खोलीत असल्या तर एक वाजवली की दुसरी आपोआप थरथरते. माझी तार थरथरली, फळी थरथरली आणि सुटलेली पट्टी तिच्यावर किरकिरली. किर्रर्र. चष्मेवाला थांबला. त्याने पुन्हा हात मारला. मी पुन्हा किरकिरले. त्याने सवतीला कानाशी धरून भुवया उंचावल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात केवढं हत्यार आलं आहे.

मग जी गंमत झाली ती काय सांगू. त्याने शर्टाची बटणं तपासली. घड्याळ काढून ठेवलं, चष्मा काढून ठेवला. खिडकीच्या काचांमध्ये कागदाच्या घड्या खोचल्या. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन सवतीच्या पोटात डोकावला. भिंतीकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे बघायची सवयच गेली होती ना त्याची! तिला गिटारवाल्याच्या दुकानात नेलं की ती स्वच्छ वाजायची आणि घरी आणली की किर्रर्र. दुकानदारासमोर त्याची फजिती झाली. तो झुरत होता आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

महिना संपला. बायको बहिणीकडे गेली होती, तेव्हा दुकानदार घरी आला. त्याने स्वतःच्या कानांनी किरकिर ऐकली आणि मान हलवली.

"परतच घेऊन जा," चष्मेवाला म्हणाला. "चरा पडलेली काच मी गिऱ्हाइकाला देत नाही. मग घरात दोष असलेली वस्तू कशी ठेवू?"

"अशीच दुसरी मिळणार नाही बरं का. कारखाना बंद पडला त्यांचा. त्यापेक्षा एखादी छान लहान गिटार देऊ का?"

"लहान नको," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या हिला ऐकू येत नाही हो आता. वरचे सूर आधी गेले. डॉक्टर म्हणाले, खालचे अजून थोडे दिवस राहतील. ही भिंतीवरची कितीही वाजवली तरी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. या मोठीचा आवाज पोचला. म्हणून तर आणली होती."

मित्रांनो, तो टोमणा नव्हता. माझा आवाज तिला खरोखरच ऐकू आला नव्हता.

"मग एकदा शेवटचं वाजवून बघा," दुकानदार म्हणाला. "नाही किरकिरली तर ठेवा."

त्याने सवतीला मांडीवर घेतलं. मी गप्प राहायचं ठरवलं. सवतीसाठी नाही हं, तिचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे. पण मी सगळं अंग आवळून धरलं. त्याने तारेवर हात मारला आणि माझी सुटलेली पट्टी किरकिरली. मी तिला लाख आवरलं, पण एकदा सुटलेली पट्टी कुणाचं ऐकते?

दुकानदार पेटी घेऊन जिना उतरून गेला.

संध्याकाळी बायको आली. रिकामा कोपरा बघून तिने विचारलं, "ती कुठे गेली?"

तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "परत दिली. किरकिरत होती."

"मला कुठे येत होती ऐकू किरकिर?" ती म्हणाली. "मला नुसतं गाणं ऐकू येत होतं."

त्याने मला हुकावरून काढलं, मांडीवर घेतलं आणि जाड तारेवर अंगठा फिरवला. किर्रर्र. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग तसाच चपला घालून गिटारवाल्याच्या दुकानाकडे धावला. जाताना त्याने मला खुर्चीवर टाकलं होतं आणि परत आला तेव्हा हात रिकामेच होते. सवत त्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी पट्टी चिकटवून घेतली. मला उन्हातून हलवलं. आता मला रोज मऊ फडक्याने पुसतात. जागा माझी, मांडी माझी, घर माझं. मी जिंकले, मित्रांनो.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्या घरातलं जुनं काही उन्हात टांगलेलं असेल तर त्याला उतरवा. त्याच्या आत काय वाळलं आहे, काय सुटायला आलं आहे, ते वेळेवर बघा. दयेपोटी नको, भीतीपोटी बघा. कारण सुटलेली वस्तू नेम धरते एकावर आणि लागतं भलत्यालाच. मी नेम धरला होता त्याच्यावर आणि सवतीवर. त्याला अजून ऐकू येतं आणि सवत कुठेतरी मजेत वाजत असेल.

आता तो रोज मला घेऊन तिच्या शेजारीच बसतो. ती त्याचा हिरमोड होऊ देत नाही. कालही ती हसून म्हणाली, "छान वाजवलंत हो."

त्याने अजून तारेला बोटही लावलं नव्हतं.